मदत हवी आहे: पालिकेच्या पुलांची एकत्र नोंद आणि दुरुस्तीचा क्रम

नमस्कार मंडळी,

एका झपाट्याने वाढणाऱ्या शहराच्या महापालिकेत स्थापत्य अभियंता आहे. हद्दवाढ झाली आणि गावांबरोबर तिथले पूल, मोऱ्या, कॉजवेही आमच्या गळ्यात पडले. काही जिल्हा परिषदेचे, काही बांधकाम खात्याचे, काहींचा वाली कोण हे कागदावर सापडतच नाही. मूळ नकाशे नाहीत, पाया किती खोल हेही ठाऊक नाही. आता आदेश आलाय, सगळ्यांची एकच यंत्रणा उभी करा.

ऑडिट अहवालांना तोटा नाही. २०१६ ला सावित्रीवरचा पूल वाहून गेला तेव्हा झाली, २०१९ ला सीएसएमटीचा पादचारी पूल पडल्यावर झाली, २०२५ ला कुंडमळ्याचा पूल पडल्यानंतर पुन्हा. पण प्रत्येक सल्लागाराचा साचा वेगळा. एकाचं 'समाधानकारक' आणि दुसऱ्याचं 'किरकोळ दुरुस्ती' यांची तुलना करायची कशी? सीएसएमटीच्या पुलालाही 'किरकोळ दुरुस्ती'च सुचवली होती.

म्हणून अमेरिकेसारखे ० ते ९ गुण (९ म्हणजे उत्तम) द्यायचं ठरवतोय: डेक (ज्यावरून वाहनं जातात तो स्लॅब), वरचा सांगाडा आणि खालचे खांब-पाया यांना वेगवेगळे. इथेच साहेबांशी वाद आहे. ते म्हणतात सरासरी काढा. माझं म्हणणं, सर्वांत कमी गुण तोच पुलाचा गुण. डेक ७ आणि खांब ३ असेल तर सरासरीत तो पूल छान दिसेल आणि बजेटमध्ये मागे पडेल.

दुसरी डोकेदुखी म्हणजे पथ विभाग. दर पावसाळ्याआधी डांबराचा नवा थर टाकतात, एक्सपान्शन जॉइंट (पूल प्रसरण-आकुंचन पावावा म्हणून ठेवलेली फट) त्याखाली गाडला जातो, पाणी निचऱ्याचे पाइप बुजतात. मग पाणी जॉइंटमधून झिरपून थेट पिअर कॅपवर, म्हणजे खांबाच्या माथ्यावर. खाली उतरून पाहिलं तर बेअरिंगभोवती (खांब आणि वरचा सांगाडा यांमधला आधार) चिखल, त्यात पिंपळ उगवलेला. वरून रस्ता मात्र गुळगुळीत! शिवाय त्या थरांचं वजन कुणी मोजत नाही ते वेगळंच.

तर जाणकारांनी सांगावं:

सरासरी की किमान गुण? आणि वाहतूक, पर्यायी रस्ता, पुराचा धोका यांना क्रम लावताना किती वजन द्यावं?

केंद्राच्या आयबीएमएससारखी (देशभरातल्या पुलांची नोंद ठेवणारी यंत्रणा) नोंद पालिकेने कशी ठेवावी? सध्या सगळं एक्सेलमध्ये आहे आणि माणूस बदलला की फाइलही गायब होते.

नकाशे नसलेल्या जुन्या दगडी कमानींच्या पायाची तपासणी कोणत्या पद्धतीने करून घेता? पात्रात बाराही महिने पाणी असतं.

पुलावर डांबर टाकण्याआधी पूल विभागाची लेखी परवानगी, असा नियम कुठल्या पालिकेत खरंच पाळला जातो का? परिपत्रकाचा नमुना मिळाला तर फार उपकार होतील, स्थायी समितीपुढे तेवढाच आधार.