देवांची वाट: बोमेरानोकडूनच निघा

इटलीच्या आमाल्फी किनाऱ्यावरची 'सेंतिएरो देल्यी देई', म्हणजेच 'देवांची वाट' ही डोंगरातली पायवाट पोझितानो गावाच्या बाजूने चढावी का, असा प्रश्न पडतो. नकोच! आमाल्फीहून बसने डोंगरावरचं बोमेरानो गाव गाठा. ते साधारण ६३० मीटर उंचीवर आहे. तिथून पोझितानोच्या वरच्या नोचेल्ले गावापर्यंतची सहा-सात किलोमीटरची वाट बरीचशी उताराचीच. डावीकडे खोल खाली समुद्र, समोर काप्री बेट. पण बघायचं ते थांबून बघा. चुनखडीचे दगड पावलांनी घासून असे गुळगुळीत झालेत की कोरड्या उन्हातही माझा बूट दोनदा सटकला. सावली फारशी नाही, पाणी भरपूर घ्या. नोचेल्लेहून खाली समुद्राजवळच्या आरिएन्झोपर्यंत दीड हजारांहून जास्त पायऱ्या उतरतात. मी लिंबाचा ग्रानिता (बर्फाचा गोड चुरा) खाल्ला, गुडघ्यांचं ऐकलं आणि गुपचूप बस पकडली.