पहिलीच युरोपची ग्रुप टूर, रोम ते प्राग, ९ रात्री: पैसे भरण्याआधी काय तपासावं?

कृष्णाकाठ, सांगली

आम्ही दोघं, वय ६१ आणि ५७. युरोपला पहिल्यांदाच आणि तेही ग्रुपबरोबर. टूर मे महिन्यातली: रोम २ रात्री, फ्लोरेन्स १, व्हेनिसजवळ मेस्त्रेला १, व्हिएन्ना २, बुडापेस्ट १, प्राग २. तिथला सगळा प्रवास बसने, विमान मुंबईहून. आगाऊ रक्कम पुढच्या आठवड्यात भरायची आहे.

आम्हाला जुनी गावं, चर्च, राजवाडे नीट बघायचे आहेत, खरेदीत रस नाही. ह्यांचा एक गुडघा दुखतो. सपाटीला त्रास नाही, पायऱ्या उतरताना होतो. कार्यक्रमपत्रिकेत नेमकं काय वाचायचं? ह्यांची पेन्शन आहे आणि थोडी शेती, तर व्हिसाला कागद कुठले लागतील? खाण्याचं काय न्यावं? जाणकारांनी कृपया सांगावं.

चार भिंती, सातारा

ताई, पेन्सिल घ्या आणि पत्रिकेतल्या प्रत्येक ठिकाणापुढे 'आत' किंवा 'बाहेरून' असं लिहा. 'फोटो स्टॉप', 'पॅनोरॅमिक टूर', 'ओरिएंटेशन टूर' म्हणजे बाहेरून, कधी कधी तर बसच्या काचेतूनच. 'प्रवेश तिकिटासह' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच आत धरा. तोंडी उत्तर चालवून घेऊ नका, ईमेलवर मागा. कोलोसियम, व्हॅटिकन म्युझियम, व्हिएन्नाचा शोनब्रुन राजवाडा, बुडापेस्टची संसद आणि प्रागचा किल्ला, या पाचांबद्दल तर नाव घेऊन विचारा. शोनब्रुनमध्ये १,४४१ खोल्या आहेत आणि त्यातल्या साधारण ४० बघायला मिळतात. त्या सोडून नुसत्या बागेत फिरवून आणलं तर तो राजवाडा बघितला असं म्हणता येत नाही.

मग तारखांपुढे वार लिहा. नेमकं इथेच लोक फसतात. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं, फक्त महिन्याचा शेवटचा रविवार अपवाद आणि त्या दिवशी प्रवेश मोफत असल्याने गर्दी अफाट. बुधवारी सकाळी पोपची सभा असते, तेव्हा सेंट पीटरचा चौक आणि चर्च त्या वेळेपुरतं अडतं. फ्लोरेन्सची उफिझी आणि अकादेमिया ही दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद. मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा मूळ पुतळा १८७३ पासून अकादेमियात आहे. सिन्योरिया चौकात उघड्यावर उभी आहे ती १९१० मध्ये बसवलेली प्रतिकृती. 'डेव्हिड दर्शन' या दोन शब्दांत कुठला डेव्हिड आहे ते विचाराच.

तिसरी गोष्ट बसची. युरोपात चालकाच्या वेळेवर कायद्याची कडक मर्यादा आहे: साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती, दिवसाला ९ तास गाडी चालवणं, आठवड्यातून दोनदा १० तास चालतं. दोन दिवसांच्या मध्ये ११ तासांची सलग विश्रांती, आठवड्यात मोजक्या वेळा ती ९ तासांवर आणता येते. म्हणून रात्री ९ ला बस हॉटेलवर पोचली तर सहसा सकाळी ८ च्या आधी निघत नाही. टूर मॅनेजर घाई करतो ती यामुळे. कुणी एक कुटुंब वीस मिनिटं उशिरा आलं तर ती वेळ पुढच्या ठिकाणातूनच कापली जाते.

आता तुमची पत्रिका. व्हेनिस ते व्हिएन्ना साधारण ६०० किलोमीटर, म्हणजे तो अख्खा दिवस बसमध्ये गेला. बुडापेस्ट ते प्राग सव्वापाचशेच्या आसपास, तिथेही तेच. त्यात बुडापेस्टला एकच रात्र. हाती उरते ती एक संध्याकाळ, डॅन्यूबवरची बोट आणि जेवण. माझं स्पष्ट मत असं, की बुडापेस्ट गाळून ती रात्र फ्लोरेन्सला देणारी टूर मिळाली तर ती घ्या. देश एक कमी झाला तरी बघणं दुप्पट होईल.

मिरज जंक्शन

कागदांबद्दल लिहितो. या चारही देशांना मिळून एकच शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडे. तुमच्या इटलीत ४ होतात, म्हणून व्हिसा इटलीचा. रात्री समान असत्या तर पहिला प्रवेश ज्या देशात त्याच्याकडे. अर्ज प्रवासाआधी ६ महिन्यांपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी द्यावा लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, पण ४५ पर्यंत लांबू शकतात, म्हणून मेसाठी फेब्रुवारीतच कागद तयार हवेत. फी प्रत्येकी ९० युरो, वर व्हिसा अर्ज केंद्राचा सेवा आकार. व्हिसा नाकारला तर ही रक्कम परत येत नाही आणि टूरच्या पैशातलं किती कापतील ते करारात वाचा.

पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध आणि दोन पानं कोरी असलेला. फोटो ३५ बाय ४५ मिलीमीटर. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. टूरवाल्यांनी दिलेल्या विम्यात आधीपासूनचे आजार धरलेत का हे वेगळं विचारा, बीपी-शुगरवाल्यांचे दावे तिथेच अडकतात. बोटांचे ठसे द्यायला दोघांनाही स्वतः जावं लागतं. त्याआधी आठवडाभर शेतातली खरबरीत कामं टाळा, बोटांवर चिरा किंवा मेंदी असेल तर ठसे नीट उठत नाहीत.

पेन्शनसाठी पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत आणि पेन्शन जमा होते त्या खात्याचं शिक्क्याचं स्टेटमेंट. शेतीसाठी सातबारा आणि आठ-अ, दोन्हींचं इंग्रजी भाषांतर जोडून. रिटर्नमध्ये शेतीचं उत्पन्न दाखवलेलं असावं. आपल्या भागात खात्यावर एकदम मोठी रक्कम दिसते ती ऊसबिलाची किंवा बेदाण्याची. वकिलातीतल्या माणसाला ते कळायला मार्ग नाही. कारखान्याची बिलाची पावती किंवा अडत्याची पट्टी जोडा आणि अर्जासोबतच्या पत्रात तारखेसह एक ओळ लिहा. ठेव मोडली असेल तर तिची पावतीही. खुलासा नसलेली मोठी जमा म्हणजे उसने पैसे भरून शिल्लक फुगवली असा अर्थ काढला जातो.

नावाचं बघा. ताईंच्या पासपोर्टवर माहेरचं नाव आणि बँकेत सासरचं असेल तर लग्नाचा दाखला लागेल. विमानाच्या तिकिटावर पासपोर्टप्रमाणेच नाव हवं. कोलोसियमची तिकिटंही आता नावाची असतात, दारावर ओळखपत्राशी ताडून बघतात. टूरवाल्यांना नाव व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करून देऊ नका, पासपोर्टच्या पानाची प्रत द्या.

आणखी एक: परदेशी टूरच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे टूरवाल्यांनी आगाऊ घेतलेला प्राप्तिकर, कापला जातो. तो ज्याच्या पॅनवर कापला त्याच्याच २६एएसमध्ये (प्राप्तिकर खात्याच्या करजमा उताऱ्यात) दिसतो आणि रिटर्न भरताना त्यालाच मिळतो. मुलगा पैसे भरणार असेल तर पॅन कुणाचा द्यायचा ते आधी ठरवा.

यवतेश्वर, सातारा

वरच्या दोघांनी मुख्य ते लिहिलंच आहे. बुडापेस्ट गाळावं हे मात्र पटलं नाही. रात्री बोटीतून दिसणारी ती दोन्ही काठांची रोषणाई फार देखणी आहे, गुडघ्याला काही त्रास न होता बघता येते. गाळायचंच तर खरेदीचे थांबे गाळा.

गुडघ्याचं: रोज १० ते १२ किलोमीटर चालणं होतं, तेही दगडी फरसबंदीवर. सांगली सपाट, त्यामुळे सराव मुद्दाम करावा लागेल. महिनाभर आधीपासून आयर्विन पूल आणि घाटाच्या पायऱ्या, त्याच बुटांनी. नवे बूट तिथे जाऊन पायात घालू नका. उतरताना आधाराला घडीची काठी फार उपयोगी, ती मोठ्या बॅगेत ठेवा.

सेंट पीटरच्या घुमटाला ५५१ पायऱ्या आहेत. लिफ्ट घेतली तरी ३२० उरतात, त्या अरुंद आहेत आणि मध्येच परतता येत नाही. काकांनी खाली थांबावं, खालचं चर्च बघायलाच दोन तास कमी पडतात. फ्लोरेन्सच्या मुख्य चर्चच्या घुमटाला ४६३ आणि तिथे लिफ्ट नाही. प्रागला बस वरच्या बाजूला, किल्ल्याच्या मागे सोडते का विचारा. तिथून किल्ला बघत चार्ल्स पुलाकडे उतरत यायचं असतं, चढ वाचतो. पण उतारावर पायऱ्या लागतात, म्हणून गाइडला उताराचा रस्ता कुठला ते आधी विचारा आणि कठडा धरून सावकाश या. व्हेनिसला मोठी बस त्रोंकेत्तो या बसतळावर थांबते, पुढे बोट, मग पूल आणि पायऱ्याच. तिथे २५ पेक्षा मोठ्या गटाला एका गाइडसोबत फिरायची परवानगी नाही, त्यामुळे तुमचे दोन गट पडतील. तुम्ही कुठल्या गटात हे बोटीतून उतरण्याआधीच पक्कं करा.

कपडे: चर्चमध्ये आणि व्हॅटिकन म्युझियममधल्या सिस्टीन चॅपलमध्ये खांदे व गुडघे झाकलेले हवेत. साडी-ब्लाउज, पंजाबी ड्रेस उत्तमच. बिनबाह्यांचं असेल तर ओढणी जवळ ठेवा. चॅपलमध्ये फोटोला मनाई आहे.

खाणं: युरोपीय संघात बाहेरच्या देशातून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे कंदी पेढे, तूप, खवा घरीच. ताजी फळं-भाज्याही चालत नाहीत, अपवाद फक्त केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन. लिंबू, मिरच्या, कढीपत्ता राहू द्या. भडंग, खाकरे, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, गुळाची चिक्की बिनधास्त न्या. लोणचं नेलंत तर मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून. हातातल्या बॅगेत १०० मिलीपेक्षा मोठी बाटली जाऊ देत नाहीत. पिण्याचं पाणी विकत घ्यायची गरज नाही. या सगळ्या शहरांत नळाचं पाणी पिण्यालायक आहे, रोममध्ये तर रस्त्यावरचे लहान नळ अखंड वाहत असतात. दोघांत एक रिकामी बाटली पुरे.

गरम पाण्याची किटली नेणार असाल तर तिची तीन पिनांची प्लग तिथे बसत नाही, अ‍ॅडाप्टर लागेल. मोबाईलचा दोन गोल पिनांचा चार्जर चारही देशांत बसतो. औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेतच.

पैसे: इटली, ऑस्ट्रियात युरो, हंगेरीत फोरिंट, चेकमध्ये कोरुना. स्वच्छतागृहासाठी ५० सेंट आणि १ युरोची नाणी वेगळ्या पाकिटात. कार्डाच्या मशीनवर 'रुपये की युरो' विचारलं तर तिथलंच चलन निवडा, रुपये निवडलेत तर त्यांचा महागडा दर लागतो. प्रागला पैसे बदलून देणाऱ्या दुकानांवर 'शून्य कमिशन' अशा पाट्या दिसल्या तरी हातात किती कोरुना येणार ते आधी लिहून मागा. फसलात तर १,००० युरोपर्यंतचा व्यवहार ३ तासांच्या आत रद्द करायचा हक्क तिथल्या कायद्याने दिलेला आहे, पावती टाकू नका. प्रागच्या जुन्या घड्याळाखाली दर तासाला गर्दी होते. सगळे माना वर करून बघतात तेव्हाच खिसे कापले जातात, पाकीट कपड्याच्या आत ठेवा.

मिरज जंक्शन

एक राहिलं. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन संगणकावर नोंद सुरू झाली आहे. पहिल्या खेपेला रोमच्या विमानतळावर रांगेत वेळ जातो. उतरण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन या, काकांच्या गुडघ्यासाठी व्हीलचेअर हवी असेल तर तिकीट काढतानाच नोंदवा. आणि मुंबईचं विमान पहाटे ३ चं असेल तर सांगलीहून दुपारी १२ ला निघा. खंबाटकी, पुणे, लोणावळा, तिन्ही ठिकाणी अडकायची तयारी ठेवून.

कृष्णाकाठ, सांगली

फार आभार सगळ्यांचे. वार लिहून बघितले. फ्लोरेन्सला मंगळवारी दुपारी १ ला पोचतो आणि डेव्हिडपुढे 'फोटो स्टॉप' लिहिलंय, म्हणजे चौकातलाच. कोलोसियम मात्र 'प्रवेशासह' आहे. अकादेमियात आम्ही दोघंच स्वतःचं तिकीट काढून जाऊ शकतो का?

चार भिंती, सातारा

जाता येतं. मंगळवार ते रविवार सकाळी ८:१५ ते संध्याकाळी ६:५०, शेवटचा प्रवेश ६:२०. संग्रहालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरून वेळेचं तिकीट घ्या, मधल्या दलालांच्या साइटी दुप्पट लावतात. ४ ची वेळ घ्या, १ ला पोचून जेवण आणि चौकातली फेरी झालेली असेल. सिन्योरिया चौकातून अकादेमिया साधारण एक किलोमीटर, रस्ता सपाट, १५ ते २० मिनिटं. आत दीड तास पुरतो. तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत, म्हणून व्हिसा हातात आल्यावरच काढा. आणि मोकळा वेळ किती वाजेपर्यंत, परत भेटायची जागा कुठली हे टूर मॅनेजरकडून मेसेजवर लेखी घ्या. जुन्या गावात बस येत नाही, ती बाहेर ठरलेल्या जागी थांबते. तिथपर्यंत चालायला लागणारा वेळही धरा.