ओठ काळे पडलेत आणि गालावर वांग, लेझर करू का? (सोलापूर)

चादरवाली_पोरगी
नमस्कार, वय 27, मार्गशीर्षात लग्न धरलंय म्हणजे हातात चारेक महिने. ओठ आधी चांगले होते, वर्षभरात कडेकडेने काळपट पडलेत आणि दोन्ही गालांवर तपकिरी डाग, आई म्हणते वांग आहे. एका स्किन सेंटरला गेले तर पाच मिनिटांत काउंटरवरच्या पोरीनं ओठ आणि गाल मिळून सहा सिटिंगचं पॅकेज काढून दिलं, 30 हजार, आजच भरले तर 24. डॉक्टरांचं तोंडसुद्धा बघितलं नाही. आजी म्हणते आम्ही जन्मभर मिश्री लावली, कुणी ओठ बघून नाकारलं नाही. कुणी केलंय का? दुखतं का? रंग परत येतो का?

शेंगाचटणी_फॅन
मी केलंय ओठांचं, पुण्याला नोकरीला होतो तेव्हा. आधी भूल द्यायचं क्रीम लावून बसवतात, डोळ्यांवर जाड चष्मा, मग टक् टक् टक् सुरू, कुणीतरी रबरबँड ताणून ओठावर सोडालंय असं वाटतं आणि केस जळाल्यासारखा वास. संध्याकाळपर्यंत ओठ सुजून टम्म. दुसऱ्या दिवशी सोलापूरला घरी आलो, आईनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाढली अन् मी आपला दूधभात खात बसलोय, चार-पाच दिवस नुसत्या खपल्या. महिन्याच्या अंतरानं 4 सिटिंग झाले, फरक पडला, खोटं कशाला बोलू. पण सिगरेट सुटली नाही, सात-आठ महिन्यांत परत होते तसे. चूक माझीच बे. आणि हो, ओठावर पाण्याचे बारीक फोड येत असतील अधूनमधून तर आधी सांगा, लेझरनं ते परत उठू शकतात, मला आधीच गोळ्या चालू केल्या होत्या.

स्किन_ओपीडी
ताई, मी स्किनलाच शिकतोय म्हणून जरा लांबण लावतो. ओठ आणि गाल ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, एका पॅकेजात घालायची नाहीत. डागांसाठी बहुतेक ठिकाणी क्यू-स्विच्ड एनडी-याग लेझर असतं, 1064 किंवा 532 नॅनोमीटरचं, ते मेलॅनिनचे, म्हणजे कातडीच्या रंगाचे, कण फोडतं आणि फुटलेलं शरीर हळूहळू साफ करतं. पण रंग बनवणारी पेशी जागेवरच असते, कारण चालू राहिलं की ती परत बनवणार, वर सिगरेटवाल्या दादांचं तेच झालं. वांगाचं तर आणखी नाजूक, उष्णतेनंच ते भडकतं, आपल्या सावळ्या कातडीवर जोर जास्त झाला तर डाग आधीपेक्षा गडद होतात नाहीतर पांढरे ठिपके पडतात. म्हणून वांगाला पहिलं औषध सनस्क्रीन आणि क्रीम, लेझर सगळ्यात शेवटी, तेही कमी ताकदीवर. आता तुम्हीच सांगा, वर्षभरात काय बदललं? नवीन लिपस्टिक? टूथपेस्ट? ओठ चाटायची सवय? पाळीच्या गोळ्या? कारण नुसती कड काळी पडली असेल तर अॅलर्जीचा संशय घ्यावाच लागतो, त्याला संशय असलेल्या वस्तू लावलेल्या पट्ट्या पाठीवर चिकटवून 48 तास ठेवतात, त्यात कळतं. एकच ठिपका असेल आणि वाढत असेल तर मात्र आधी दाखवा, मग बाकीचं.

मेडिकलवाला_सात_रस्ता
आमचं दुकान आहे म्हणून सांगतो, कुणाच्या सांगण्यावरून ते तिहेरी क्रीम नेऊ नका ओ. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड एकत्र असतंय, पंधरा दिवसांत तोंड उजळतंय म्हणून बायका वर्षवर्ष लावत्यात, मग कातडी पातळ, लालेलाल, बंद केलं की दुप्पट काळं. चिठ्ठीशिवाय द्यायचंच नसतंय ते, मी परत पाठवतो तर म्हणतात शेजारच्या दुकानात मिळतंय की. सनस्क्रीन घ्या, रंगाचं, आयर्न ऑक्साइडवालं, वांगाला ते जास्त कामाचं. नुसतं सकाळी एकदा लावून स्कूटीवर जायचं नाही, दर दोन-तीन तासांनी परत.

चादरवाली_पोरगी
बापरे. स्किन_ओपीडी दादा, साखरपुड्यापासून एक मॅट लिपस्टिक रोज लावतेय, दिवसभर टिकते म्हणून घेतली होती, आणि ओठ कोरडे पडतात म्हणून चाटते पण, आई सारखी ओरडते. पाळीच्या गोळ्या पण सहा महिने झाल्या, पीसीओडीसाठी.

स्किन_ओपीडी
मग आज लिपस्टिक बंद, साधं व्हॅसलीन लावा. गोळ्या मनानं बंद करू नका, ज्यांनी दिल्या त्यांना वांगाचं सांगा. सिव्हिलला स्किनची ओपीडी असते, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, ती लिपस्टिक आणि टूथपेस्ट पिशवीत घालून न्या.

चादरवाली_पोरगी
सोमवारी जातेय. सेंटरवाल्या पोरीचे दोन फोन येऊन गेले, आता 20 हजारात करते म्हणाली 😅