शॉप फ्लोअरवर ओढणी नको, पण ऑफिसमधल्या बायकांनीही पॅंटच घालायची का?

अकाउंट्सवाली_अंबड:
नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्सला आहे, नऊ वर्षं झाली, रोज पंजाबी ड्रेस आणि ओढणी. आता एचआर म्हणतंय पुढच्या महिन्यापासून ऑफिसच्या लेडीजनीपण शर्ट-पॅंटच घालायची, कारण स्टोअरला जायचा रस्ता शॉप फ्लोअरवरून, म्हणजे मशिनी चालतात तिथून आहे. अहो मी दिवसातून एकदा चलनं आणायला जाते, तेही चालायला आखलेल्या पिवळ्या पट्ट्याच्या आतून. तेवढ्यासाठी दिवसभर पॅंट? वय 46 आहे माझं, अवघडल्यासारखं होतं. ओढणी टेबलावर ठेवून, वरून कोट चढवून गेलं तर चालणार नाही का?

सातपूर_टर्नर:
ताई राग मानू नका, पण नियम बरोबर आहे. ड्रिलवर आम्हाला हातमोजेसुद्धा घालू देत नाहीत, धागा अडकला की हात आत जातो म्हणून. आमच्या एका हेल्परचं बाहीचं बटण सुटलेलं, चकने (मशिनचा फिरणारा जबडा) बाही धरली आणि गुंडाळतच गेली, बाजूच्याने मशिन बंद करायचं लाल बटण दाबलं म्हणून मनगटावर निभावलं. ओढणी तर गळ्यात असते. आणि रोज आठवणीने काढून ठेवाल, पण मार्च एंडच्या गडबडीत एक दिवस विसराल ना, तोच दिवस वाईट.

नाशिकरोड_मीच:
दादा मशिनवरच्या माणसाचं पटतं. पण 1948 च्या फॅक्टरी ॲक्टचं कलम 22 बघा (नोव्हेंबर 2025 पासून त्या ॲक्टच्या जागी नवी कामगार संहिता आली), घट्ट कपड्यांचं लिहिलं होतं ते चालत्या मशिनला तेलपाणी, ॲडजस्टमेंट करणाऱ्यासाठी, आणि ते कपडे मालकाने द्यायचे असंही तिथेच होतं. ताईंना कोण देतंय कपडे? माझी बहीण शिक्षिका आहे, तिकडे मार्च 2024 च्या जीआरमध्ये साडी नाहीतर ड्रेस ओढणीसकट, जीन्स-टीशर्ट नाही. म्हणजे कुठे ओढणी घ्या कुठे काढा, आणि बाईला काय सोयीचं ते कुणी विचारतच नाही. मला याचा खरंच संताप येतो.

लाईन_सुपरवायझर:
माझ्या लाईनवर आयटीआयच्या मुली आहेत, एप्रिलच्या उकाड्यातपण युनिफॉर्म, केस टोपीत, सेफ्टी शूज. ऑफिसची मॅडम ओढणी घेऊन समोरून गेली की त्या मलाच विचारतात, त्यांना सूट का? काय सांगू? फ्लोअरवर पाय ठेवला की नियम एकच पाहिजे.

अकाउंट्सवाली_अंबड:
टर्नर दादा, मनगटाचं वाचून काटा आला अंगावर. ओढणी घेऊन फ्लोअरवर जाणार नाही, हे नक्की. पण मी स्कूटीवर द्वारका सर्कलवरून येते, ऊन आणि धुळीत ओढणी लागतेच, म्हणजे कंपनीत येऊन बदलायचं. आणि आमच्याकडे लेडीजला एकच बाथरूम, त्याची कडी लागत नाही, एकीने बाहेर उभं राहायचं. सोमवारी एचआरला हेच सांगणारे, आधी बदलायला खोली आणि लॉकर द्या, कपडे तुम्ही शिवून द्या, मग तारीख ठरवा.