सहस्रचंद्रदर्शन: तारीख आणि ८१ दिवे

सहस्रचंद्रदर्शन म्हणजे आयुष्यात हजार पौर्णिमा पाहिल्याचा सोहळा. 'वयाची ८० वर्षं पूर्ण झाली की लगेच तो करायचा' असं म्हटलं जातं, ते तितकंसं बरोबर नाही. दोन पौर्णिमांमधलं अंतर सरासरी २९.५३ दिवस, म्हणजे हजार पौर्णिमांना साधारण २९,५३० दिवस, ८० वर्षं १० महिने. ऐंशीव्या वाढदिवसाला दहा-अकरा पौर्णिमा कमीच पडतात. अर्थात आई-वडिलांचा किंवा गुरुजींचा सत्कारच करायचा असेल, तर त्यांची तब्येत आणि हवामान बघून दिवस ठरवलेला बरा.

खरा घोळ होतो तो ८१ दिव्यांच्या औक्षणात. कोरड्या फुलवातीवर वरून तूप ओतलं तर वात कलंडते. आदल्या दिवशी पातळ तुपात बुडवून, ताटात उभ्या मांडून फ्रिजमध्ये घट्ट करा. एकट्याने लावायला घेतलं तर शेवटची पेटेपर्यंत पहिल्या विझतात. तिघा-चौघांनी मधून कडेकडे लावत यावं, नाहीतर हात भाजतो. पंखे तेवढ्यापुरतेच बंद. एवढी मोठी परात तापते, म्हणून ती ओवाळू नका, समोर टेबलावर ठेवा आणि हातात पाच दिव्यांचं तबक घ्या. शाल औक्षणानंतर पांघरावी, आधी नाही! आणि घरात ऑक्सिजन लावलेला असेल तर ज्योत नकोच, सेलचे दिवे चालतात.