मदत हवी आहे: आईसाठी वापरायला सोपा डिजिटल कॅमेरा (रविवारच्या आत!)

रेवा२१
रविवारी आईचा वाढदिवस आहे, तिला कॅमेरा द्यायचाय. वापरायला एकदम सोपा हवा, शंभर बटणं नकोत. शोधायला गेले तर प्रत्येक ठिकाणी वेगळंच मॉडेल, आणि सेन्सर-बिन्सर वाचून डोकं फिरलं. कुणीतरी सरळ एक नाव सांगा, ऑर्डर टाकून मोकळी होते. आणि कृपया "मोबाइल घ्या" असं सांगू नका.

पाणकावळा
नाव सांगतो, पण आधी थोडी माहिती द्या. कशाचे फोटो काढणार? चष्मा आहे का? फोटो नंतर कशावर बघणार? बजेट?

रेवा२१
सगळ्याचेच काढते ती. चष्मा आहे, या वयात कुणाला नसतो? बजेटचं मी बघते. नाव सांगा ना.

तिरकस
हल्लीचे मोबाइल इतके चांगले फोटो काढतात की वेगळा कॅमेरा म्हणजे कपाटात आणखी एक वस्तू.

रेवा२१
वर काय लिहिलंय ते वाचलंत का?

जुनाजाणता
कॅमेरा म्हणजे डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा, आरसा असलेला मोठा कॅमेरा), बाकी सगळी खेळणी. ऑटोवर ठेवा, बटण दाबा, झालं. हातात घेतला की कळतं, आपण काहीतरी धरलंय. मी आयुष्यभर तेच वापरलं, या वयातही वापरतो. मेगापिक्सेलच्या मागे लागू नका, एवढं मात्र लक्षात ठेवा. ६ x ४ इंची प्रिंटला २ मेगापिक्सेल पुरतात, बाकी सगळी जाहिरात.

अर्धविराम
मेगापिक्सेलबद्दल सहमत. पण काका, तुमची आवड त्यांच्या आईच्या गळ्यात का बांधताय? शब्दशः गळ्यातच बांधावा लागेल तो. लेन्स बदला, सेन्सरवर (फोटो टिपणाऱ्या चिपवर) धूळ गेली की पुसा, हे सोपं कुठे आलं? त्यापेक्षा १ इंची सेन्सरचा खिशात मावणारा घ्या. साध्या कॉम्पॅक्टमधल्या १/२.३ इंची सेन्सरच्या चौपट क्षेत्रफळ असतं, घरातल्या उजेडातले फोटो कितीतरी स्वच्छ येतात.

जुनाजाणता
लेन्स बदला असं मी कुठे म्हटलं? एकच लावून ठेवायची. आणि तुमच्या त्या खिशातल्याला झूम किती, तेही सांगा की.

निवांत_मी
आईंचे जुने अल्बम असतील तर त्यांचं स्कॅनिंगही याच निमित्ताने उरकून घ्या. ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) करा, मूळ फोटो लहान असला तरी पुढे मोठा करता येतो. निगेटिव्ह असतील तर फेकू नका, प्रिंटपेक्षा त्यांतून जास्त तपशील निघतो.

रेवा२१
अल्बमचं कुणी विचारलंय? बरं, माहिती देते. आई गॅलरीत बसून पक्षी टिपते. समोरच्या झाडावरचे. मोबाइलवर बोट उमटतच नाही तिचं, कोरडी पडलीत बोटं, म्हणून मोबाइल नको. आधीचा छोटा कॅमेरा होता, त्याच्या पडद्यावर उन्हात काही दिसायचं नाही म्हणून तिने सोडून दिला. हात थोडा थरथरतो, पण फार नाही.

पाणकावळा
अहो, हे आधी सांगायचंत! अर्धा धागा वाचला असता.

आता ऐका. पक्षी म्हणजे झूम हवा, तोही ऑप्टिकल, म्हणजे लेन्सनेच जवळ आणणारा. डिजिटल झूम म्हणजे नुसतं चित्र कापून मोठं करणं. तो मेन्यूत जाऊन बंदच करून द्या, नाहीतर झूमची दांडी दाबत राहिलं की फोटो पिठूळ होत जातात आणि दोष हाताला जातो.

दुसरं, पडदा उन्हात दिसत नसेल तर डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर हवाच. त्याच्या शेजारी डायॉप्टरचं बारीक चाक असतं. ते आईंच्या नंबरप्रमाणे फिरवलं की चष्मा काढूनही आतलं स्पष्ट दिसतं (सिलिंडरचा नंबर जास्त असेल तर मात्र चष्म्यासकटच बघावं लागेल). बहुतेकांना ते चाक आहे हेच माहीत नसतं. कॅमेरा डोळ्याला टेकला की आधारही मिळतो, हात लांब करून पडदा बघण्यापेक्षा थरथर आपोआप कमी होते.

तिसरं, ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन. हाताचं हलणं ते बरंच सावरतं, पण पक्षी हलला तर त्याचा उपयोग नाही, त्याला जास्त शटर स्पीडच लागतो, म्हणजे फोटो क्षणार्धात टिपला जायला हवा. त्यामुळे भरपूर उजेड असताना काढा, कोपरं कठड्यावर टेकवून.

हे सगळं एकत्र मिळतं ब्रिज प्रकारात (छोटा कॅमेरा आणि डीएसएलआर यांच्या मधला), लेन्स बदलायची भानगड नसते. पॅनासॉनिकचा एफझेड८२डी (काही ठिकाणी एफझेड८०डी नावाने) बघा. २०२४ मध्ये आला, ६० पट झूम, व्ह्यूफाइंडर चांगला, चार्जिंग यूएसबी-सी. वजन साधारण ६४० ग्रॅम.

तिरकस
१२५ पटवाला निकॉन पी१००० का नाही? चंद्रावरचे खड्डे दिसतात.

पाणकावळा
आईंना चंद्र नाही, झाडावरचा पक्षी बघायचाय. वजन १.४ किलो आहे त्याचं. थरथरत्या हाताला ३००० मिमीचा एवढा लांब झूम म्हणजे शिक्षा.

अर्धविराम
१ इंची माघारी घेतो, पक्ष्यांना त्यांचा झूम पुरायचा नाही. पण मोठ्या झूमवर पक्षी चौकटीत सापडतच नाही, हे कुणी सांगितलं नाही. आधी झूम पूर्ण मागे, पक्षी मधोमध, मग हळूहळू पुढे. निकॉन पी९५० ला लेन्सच्या बाजूला यासाठीच एक बटण आहे. दाबून धरलं की दृश्य तात्पुरतं रुंद होतं, सोडलं की परत जवळ. नवख्या माणसाला हे फार कामाचं. वजन एक किलोच्या आसपास आहे, ते मात्र खरं.

मेघना_क
माझा मुद्दा सेलचा. कोडॅक पिक्सप्रोचा एफझेड४५ साध्या दोन एए सेलवर चालतो, आमच्याकडे तोच आहे. चार्जर शोधत बसायला नको. फक्त अल्कलाइन घालू नका, लगेच बसतात. रिचार्जेबल निकेल वापरा.

पाणकावळा
त्याला ४ पट झूम आहे आणि व्ह्यूफाइंडर नाही. घरगुती फोटोंना ठीक, इथे उपयोग नाही.

मेघना_क
सोपा हवा असं शीर्षकात लिहिलंय म्हणून सांगितलं.

शटरबंद
विषयांतराबद्दल क्षमस्व. माझ्या कॅमेऱ्याची लेन्स अर्धी बाहेर येऊन अडकलीये, पडद्यावर लेन्स एरर येतो. काय करू?

जुनाजाणता
वाळू गेली असणार. जोर लावू नका. बॅटरी काढून थोड्या वेळाने परत घाला. नाहीतर दुरुस्तीवाला.

रेवा२१
शटरबंद, वेगळा धागा काढा ना! पाणकावळा, एफझेड८२डी घेतेय. मेन्यू मराठीत मिळतो का?

अर्धविराम
मराठी हवी तर निकॉन. कूलपिक्सच्या बऱ्याच मॉडेलांत भाषांच्या यादीत मराठी आहे.

पाणकावळा
सगळं आधी लावून दिलंत तर मेन्यूत जायची वेळ क्वचितच येईल. मला काळजी दुसरीच आहे. फोटो कॅमेऱ्यातून बाहेर कोण काढणार? वायफाय आणि ॲपच्या नादी लागू नका, फोनवर बोट उमटत नाही म्हणताय आणि ॲप फोनवरच चालतं.

रेवा२१
घरी लॅपटॉप आहे, तिला माउस जमतो. व्हॉट्सॲपवर मी पाठवेन.

पाणकावळा
मग कार्ड रीडर घ्या सोबत. कार्ड ३२ जीबीचं पुरे, काही हजार फोटो मावतात. कार्डाच्या कडेला लॉकची बारीक कळ असते, ती चुकून खाली सरकली की कॅमेरा फोटो साठवत नाही. आईंना दाखवून ठेवा, नाहीतर बिघडला म्हणून फोन येईल. वेष्टनात गुंडाळण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज करा, तारीख-वेळ लावा, कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, डायल आयए (iA, म्हणजे पूर्ण ऑटो) वर ठेवा. आणि बटण अर्धं दाबून थांबायचं, चौकट हिरवी झाली की पूर्ण दाबायचं, हे शेजारी बसून शिकवा.

रेवा२१
ऑर्डर टाकली, शनिवारी येतोय. लेन्सचं झाकण हरवणार हे नक्की, त्याचं काय?

मेघना_क
झाकणाला दोरी असेल तर बांधून टाका. नसेल तर वेगळी मिळते.