राखणदारच नको कसा?

मेंदूतली सूज हे कंपवाताचं (पार्किन्सनचं) मूळ, ती औषधांनी पार दाबावी, असं कुणी म्हणतं. मला हे पटत नाही. सूज आणणाऱ्या मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या संरक्षक पेशी, आपल्या गावच्या राखणदारासारख्या: जंतूंशी लढतात, मेलेल्या पेशींचा कचरा उचलतात. बिघडतं ते त्या शांत होईनाशा झाल्या की. मग टीएनएफसारखी सूज वाढवणारी रसायनं पाझरत राहतात. सबस्टॅन्शिया नायग्रा या, हालचाली सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागात या पेशी दाट असतात, आणि तिथल्या डोपामिन (हालचालींसाठी लागणारं मेंदूतलं रसायन) बनवणाऱ्या पेशी आधीच नाजूक, कारण खुद्द डोपामिनचं ऑक्सिडीकरण होऊन घातक रेणू बनतात. ते निस्तरायला शरीराकडे ग्लुटाथायोन हे घातक रेणू निकामी करणारं रसायन आहे; कंपवातात तिथे नेमकं तेच कमी आढळतं. ग्लुटाथायोनची ही राखण दुबळी झाली की सूज आणखी भडकते.

फोंड्याला माझ्या बाबांना हात थरथरायच्या कितीतरी आधी सुक्या बांगड्यांचा वास येईनासा झाला होता. आम्ही ते सर्दीवर ढकललं. वास जाणं हे कंपवाताचं आधीचं लक्षण असू शकतं, तुम्ही ते ढकलू नका.

रानातल्या खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा, म्हणजे ज्यापासून शरीरात डोपामिन बनतं ते द्रव्य, असतं हे खरं, पण त्याने डोपामिनची उणीव भरते, सूज ओसरत नाही. लेव्होडोपाच्या गोळ्या चालू असताना ती पूड आपल्या मनाने देऊ नका, लेव्होडोपाची मात्रा वाढते.